हातउसने पैसे आणि तीन वर्षांची मुदत

मराठवाड्यात पेरणीच्या तोंडावर सोयऱ्याला हातउसने पैसे देताना त्याच्याकडे कागद मागणे आजही कमीपणाचे समजले जाते. मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी कामे पाहतो. असा कागद कधीच न मागितलेली माणसे आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांतल्या अनेकांचे म्हणणे पूर्ण खरे असते, पण दाव्याची मुदत संपून गेलेली असते.

ही मुदत १ जानेवारी १९६४ पासून लागू असलेल्या मुदत कायदा, १९६३ ने ठरवली आहे. उसन्या रकमेच्या वसुलीसाठी ती तीन वर्षे आहे, आणि परतफेडीचा दिवस ठरलेला नसेल तर ती पैसे मागितल्यापासून नव्हे, दिल्यापासून मोजतात. समजा, जून २०२२ मध्ये बियाण्यासाठी रक्कम दिली. एका हंगामात सोयाबीन पाण्यात गेले, दुसऱ्यात पावसाने ओढ दिली, तिसऱ्यात कापसाला भाव मिळाला नाही. दर वेळी ‘सुगी झाली की देतो’ असा शब्द मिळाला, देणाऱ्यानेही तो माणुसकीने मानला, आणि जून २०२५ उलटताच दाव्याची वाट बंद झाली. समोरच्याने मुदतीचा आक्षेप घेतला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाला असा दावा फेटाळावाच लागतो.

वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. नोटिशीने मुदत थांबत नाही. पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाने किंवा पारावर चार माणसांसमोर झालेल्या तोंडी कबुलीनेही थांबत नाही. उपयोगी पडते ती कलम १८ मधली लेखी कबुली. देणेकऱ्याने मुदत संपण्याआधी देणे मान्य करून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने सुरू होतात. त्या कागदावर नेमकी रक्कम नसली तरी चालते, एवढेच नव्हे तर ‘देणे आहे, पण आता देणार नाही’ असे लिहिलेले असले तरीही ती कबुलीच ठरते. कलम १९ प्रमाणे मुदतीत थोडी रक्कम परत आल्यानेही नवी मुदत मिळते, मात्र त्या भरण्याची नोंद रक्कम परत करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. सावकाराच्या वहीत सावकाराने स्वतः केलेली नोंद इथे पुरत नाही.

उशीर माफ करून घेता येईल, अशी आशा घेऊनही पक्षकार येतात. कलम ५ मधली विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात उशिराकडे उदारपणे पाहावे असे सांगितले, तेही अपिलाच्या संदर्भात.

मला हा कायदा अन्यायाचा वाटत नाही. साक्षीदार वारतात, कागद वाळवी खाते, आणि कोणाच्याही डोक्यावर दाव्याची टांगती तलवार जन्मभर ठेवणे योग्य नाही. शिवाय मुदत संपल्याने देणे बुडत नाही, फक्त न्यायालयातून वसूल करण्याचा उपाय जातो. जमिनीचे तसे नाही: मालकी हक्कावरून कब्जा मागण्याची बारा वर्षांची मुदत संपली, तर कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच नष्ट होतो.

अधिक कठोर आहे ते कलम ९. अज्ञान, म्हणजे वयाने लहान असलेल्या, वारसाला कायदा सवलत देतो खरी, पण वडिलांच्या हयातीत सुरू झालेली मुदत त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा लहान आहे म्हणून थांबत नाही. घरचा कर्ता गेल्यावर त्याने कोणाला, केव्हा पैसे दिले होते हे लगेच शोधावे आणि तीन वर्षे भरण्याआधी देणेकऱ्याची सही घ्यावी, नाहीतर दावा लावावा. मुदत उलटून गेली असली तरी देणेकऱ्याने मनापासून फेडायचे ठरवले, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे त्याने सहीनिशी लिहून दिलेले वचन हा नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. त्यासाठी नुसती कबुली पुरत नाही. ‘मी ही रक्कम देईन’ असे स्पष्ट लिहून घ्यावे लागते.