ग्रीन कार्ड आहे, तरी

"यंदा गणपतीला येत नाय तो. वकिलान सांगितलान, देशाबाहेर पडू नको, परत शिरताना अडवतील."

शेजारच्या काकू आमसुलं उलटत बोलल्या. मुलगा न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवाला. कॉलेजात असताना दुकानातल्या चोरीची केस झालेली. वर्षाची शिक्षा, तीही स्थगित.

१९९६ च्या अमेरिकी कायद्यात एवढंही 'गंभीर गुन्हा' ठरतं. कायदेशीर रहिवाशालाही हद्दपारी. बायकापोरांकडे बघून सूट द्यायची न्यायाधीशाला जवळपास मुभाच नाही.

"काहीतरी केलं असेल तेव्हाच ना!" पडवीतून एक गृहस्थ म्हणाले. (यांची स्वतःची चिरेखाण विनापरवाना. असो.) तेच वाक्य डोक्यात बसलंय.

केलं होतं. शिक्षाही झाली. मग आता पोरांपासून बाप तोडायचा, तो कशाबद्दल?