कमाल भाव आणि सरासरी भाव

पत्रकारितेच्या एमएला ॲडमिशन घेतलं तेव्हा पप्पांनी विचारलं होतं, बीकॉम झालंय, नोकरी बरी चाललीय, आता हे कशाला? तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही. आज सांगू शकते, पण त्यासाठी लासलगावच्या कांदा बाजारातल्या एका सकाळपासून सुरुवात करावी लागेल.

2023 चा डिसेंबर होता. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केलेली, त्यावरून लिलाव बंद पडून परत सुरू झालेले, आणि रिपोर्टिंगच्या सरांनी सांगितलं की बाजारभावाची बातमी करून आणा, फोनवर विचारून नाही, जाऊन. पहाटेची एसटी पकडून निफाडमार्गे गेले. मी नाशिकमध्येच वाढले, कांदा रोज खाते, पण लिलाव कधी बघितला नव्हता. ट्रॅक्टर ट्रॉल्यांची रांगच रांग, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कोणी मूठभर कांदे उचलून पत्ती चोळून बघतो, बोली चढते आणि मिनिटभरसुद्धा होत नाही तोवर चिठ्ठी हातात देऊन घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. शेतकऱ्याने तीन-साडेतीन महिने सांभाळलेल्या मालाचा निकाल तेवढ्या वेळात लागतो, ते बघून पोटात कसंतरी झालं.

आल्यावर बातमी लिहिली. इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, कमाल भाव टाकला, कारण सगळ्या पेपरांत तसंच वाचत आले होते. सरांनी लाल पेनाने ‘कमाल’ या शब्दाभोवती गोल केला आणि एवढंच विचारलं, “हा भाव किती ट्रॉल्यांना मिळाला?”

मला माहीत नव्हतं.

परत गेले. या वेळी वही घेऊन रांगेसोबत चालत राहिले. माझ्यासमोर 34 ट्रॉल्या विकल्या गेल्या, त्यातल्या फक्त 2 कमाल भावाच्या जवळपास पोचल्या. बाकीचा माल सरासरीच्या आसपास, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तर कुठेच खाली. एका काकांनी व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करून आल्यावर हिशोबपट्टी दाखवली, वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि खाली हातात पडलेली रक्कम, त्यातून ट्रॅक्टरचं भाडं अजून जायचंच होतं. ते म्हणाले, “ताई, पेपरात भाव वाचून पाहुणे फोन करतात, काय मग, यंदा चांदी आहे म्हणून. त्यांना मी काय सांगू?”

रात्री बसून इंट्रो बदलला. ‘कांद्याला कमाल अमुक रुपये भाव’ काढून लिहिलं की बहुतेक शेतकऱ्यांना क्विंटलमागे सरासरी इतके रुपये मिळाले, कमाल भावाजवळ दोनच ट्रॉल्या पोचल्या. मग आवक, मग निर्यातबंदी. शब्द तेवढेच लागले, बातमी मात्र वेगळी झाली, कारण आधीची बातमी चुकीची नव्हती आणि तरी ती वाचणाऱ्याला फसवत होती. हे मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं.

पुस्तकातलंही सांगते. षट्ककार शिकवतात, कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. आणि उलटा पिरॅमिड शिकवतात, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वर, बाकी उतरत्या क्रमाने खाली, म्हणजे जागा कमी पडली तर डेस्कवर खालून कापता येतं. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत. पण इंटर्नशिपला एका दैनिकात बसले तेव्हा बघितलं की ‘का’ नेहमी शेवटच्या परिच्छेदात असतो आणि जाहिरात आली की पहिला तोच कापला जातो. भाव पडला हे छापून येतं, का पडला ते राहतं. माझ्याच एका बातमीतून निर्यातबंदीचा परिच्छेद गेला आणि हेडिंगला कमाल भाव चढला, सकाळी अंक बघून रडू आलं. त्या काकांनी तो अंक वाचला असेल तर, हाच विचार दिवसभर डोक्यात. तेव्हापासून मी ‘का’ दुसऱ्याच वाक्यात घालते, तिथून तो काढायला जीवावर येतं.

आपल्याकडे पत्रकार दिन 6 जानेवारीला असतो, 1832 साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं तो दिवस. ते मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलं जायचं. 1877 ला कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं ते शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची बाजू मांडायला. पेपर कोणासाठी लिहायचा हे या माणसांनी आधी ठरवलं होतं. सावानात (सार्वजनिक वाचनालय नाशिक, 1840 पासूनचं आहे आपलं, नाशिककरांनो, जात जा) त्या काळाबद्दल वाचताना हे सारखं जाणवायचं.

आणि हे फक्त बातमीपुरतं नाही. व्यावसायिक लेखनाच्या पेपरला द्राक्षावरच्या औषधाचं माहितीपत्रक मराठीत करायचं होतं. मी आधी लिहिलं, ‘काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी’. मॅडम म्हणाल्या, “हे बागेत उभं राहून मोठ्याने वाच.” मग केलं, ‘फवारल्यानंतर इतके दिवस माल तोडू नका.’ पहिलं वाक्य समजलं नाही तर औषधाचा अंश असलेली द्राक्षं कोणाच्या तरी घरी जाणार, एवढं साधं आहे.

ज्यांना नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी आपल्याच शहरात 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे, घरून अभ्यास होतो. पण अभ्यासक्रम कुठलाही घ्या, बाजार समितीत, सिव्हिलमध्ये, तहसीलमध्ये स्वतः जाऊन उभं राहायला लागेल, आणि माहिती देत नसतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा वापरा, 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना.

परवा सकाळी मी चहा टाकत होते, पप्पा बाहेर पेपर वाचत होते. तिथूनच ओरडून विचारलं, “अगं, हा कांद्याचा भाव दिलाय तो कमाल का सरासरी?” गॅस बारीक करून बाहेर गेले, त्यांच्या खांद्यावरून बातमी दोनदा वाचली. लिहिलंच नव्हतं.