रेडिओची वर्गणी आणि दादाच्या कॅसेटबाहेरचं रॉक

घरात रेडिओ नाही, टीव्ही नाही, तरी महिन्याला 18.36 युरो भरायचे. जर्मनीत नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाचं इथलं पहिलं भांडण याच पैशांवरून होतं. रुंडफुंकबायट्राग नावाची ही सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे आहे. पूर्वी निदान तुमच्याकडे यंत्र आहे का हे तरी विचारायचे. 2013 पासून तो प्रश्नच काढून टाकला. घर आहे ना, मग भरा. तीन महिन्यांचे एकदम 55.08 जातात, वर्षाचे 220 युरो, म्हणजे आपल्या हिशोबाने वीस हजारांच्या वर. शहरात पत्ता नोंदवला की पाठोपाठ पत्र येतंच, आणि त्यात राहायला आल्याच्या तारखेपासूनची बाकी असते. आम्ही टीव्ही बघत नाही, आम्हाला जर्मन नीट कळत नाही, सिनेमे-मालिकांचे वेगळे पैसे आम्ही भरतोच, यातलं एकही कारण चालत नाही.

मला याचा फार राग होता. आजही पत्र आलं की पहिल्यांदा कपाळाला आठी पडतेच. मी न मागितलेल्या वस्तूचे पैसे माझ्याकडून का घेता, हा प्रश्न मला रास्त वाटतो. आमच्या ऑफिसातले जर्मन लोकही जेवणाच्या सुट्टीत यावरून तावातावाने बोलतात, त्यामुळे ही केवळ आपली काटकसर नाही.

पण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला भरलेले पैसे फुकट जाताना बघवत नाहीत. रविवारच्या जुन्या बाजारातून मी एक रेडिओ आणला, लाकडी खोक्याचा, गोल बटणाचा, आणि ओट्याशेजारी ठेवला. पैसे देतोय तर ऐकू.

आता माझ्या कानांबद्दल सांगते. ते दादाच्या कॅसेटवर घडलेत. डीप पर्पल, लेड झेपेलिन, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड, रोरी गॅलाघर. दादा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणायचा, त्याच्या मित्रांमध्ये त्या फिरायच्या, आणि परत येईपर्यंत आतल्या कागदाच्या घडीला भोक पडलेलं असायचं. रंगभवनला गाणी ऐकून शेवटची गाडी गाठायची धावपळ मीही केलीय. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला आवाज थांबला. 2016 मध्ये ऱ्हिदम हाऊसही बंद झालं. तोपर्यंत माझी आवड पक्की झाली होती. 1968 ते 1976 या वर्षांत जगातलं बहुतेक चांगलं रॉक होऊन गेलं असं मी मानत होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही फारसं वेगळं मानत नाही. जुन्यात अडकलीस असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा ख्याल ऐकणाऱ्याला आपण अडकलेला म्हणत नाही, जाणकार म्हणतो.

अडचण एवढीच होती की जे आवडतं त्याचंच आणखी समोर येत होतं. फोनवरच्या ॲपला माझी आवड कळली आणि त्याने मला त्याच आठ-दहा बँडमध्ये फिरवत ठेवलं. रेडिओला माझी आवड ठाऊक नाही, हा त्याचा मोठा गुण. डॉइचलांडफुंक हे सार्वजनिक रेडिओ केंद्र इथेच, कोलोनमध्ये आहे. जाहिराती नाहीत, मध्ये ओरडणारं कुणी नाही. एका शनिवारी रात्री उशिरा निवेदकाने संथपणे, मला निम्मंशिम्मं कळेल अशा जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि कॅन या बँडचं अठरा मिनिटांचं एक गाणं अख्खं लावलं. 1971 च्या 'टागो मागो'मधलं.

पहिली पाच मिनिटं मी गिटारच्या सोलोची वाट बघत होते. आमच्या कानांना तीच सवय: ड्रम्सने मागे राहायचं, गिटारने पुढे यायचं, गायकाने किंचाळायचं. इथे ड्रम्सच मध्यभागी. याकी लीबेत्साइट एक आवर्तन धरतो आणि अठरा मिनिटं सोडत नाही. गिटार येते, एखादा तुकडा टाकते, बाजूला होते. दामो सुझुकी हा जपानी गायक पुटपुटतो, मध्येच वर जातो, परत खाली. सातव्या-आठव्या मिनिटाला लक्षात आलं की हे ऐकायचं तंत्र मला लहानपणापासून येतं. विलंबित ख्यालात तबलजी ठेका धरून बसतो आणि बाकीचं सगळं त्या आवर्तनाच्या अंगाने फुलतं, तसंच हे. लीबेत्साइटच्या हाय-हॅटवर, म्हणजे ड्रम्सच्या झांजांच्या जोडीवर, दर फेरीत बारीकसा फरक असतो. एकदा तो ऐकू यायला लागला की दुसरीकडे लक्ष जात नाही. भाजी करपली तरी मी गॅसपाशी गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधाला लागले आणि कळलं की हे सगळं माझ्या घराच्या आसपास घडलंय. कॅन हा बँड 1968 मध्ये कोलोनमध्येच सुरू झाला. 'टागो मागो' जवळच्याच एका गढीत ध्वनिमुद्रित झाला. मग त्यांनी व्हाइलर्सव्हिस्ट गावातलं जुनं सिनेमागृह घेतलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लष्कराच्या जुन्या गाद्या टांगल्या. आमच्या इथून रेल्वेने अर्धा तास. पुढे त्या स्टुडिओतलं सामान ग्रोनाऊच्या संग्रहालयात हलवलं. 1972 च्या 'एगे बाम्यासी'च्या वेष्टनावर तर चक्क भेंडीचा डबा आहे, तुर्की दुकानात मिळतो तसा. एहरेनफेल्डच्या तुर्की दुकानातून मी तीच भेंडी आणते, अंगठ्याच्या पेराएवढी, आणि दाण्याचं कूट घालून करते.

कॅनमधल्या माणसांची वयं बघितली आणि मला धीर आला. होल्गर चुकाय 1938 चा, इर्मिन श्मिट 1937 चा, लीबेत्साइटही 1938 चा. बँड काढला तेव्हा तिघंही तिशीला टेकलेले. चुकाय आणि श्मिट हे स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराचे विद्यार्थी, गंभीर आधुनिक संगीतातले. लीबेत्साइट फ्री जॅझमधला. चुकायला रॉकची गोडी लावली ती त्याच्याकडे गिटार शिकणाऱ्या मिशाएल कारोलीने, जो त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. शिष्याने गुरूचे कान बदलले. वडिलांच्या पिढीचं संगीत नको, अमेरिकन ब्लूजची नक्कलही नको, अशा कात्रीत ती पिढी होती आणि त्यातून तिने स्वतःची वाट काढली. कान ठरावीक वयात बंद होतात हे मला आता कुणी सांगू नये.

आणि इथे मी पुन्हा त्या वर्गणीपाशी येते, कारण धागा तिथेच जातो. स्टॉकहाउझेन काम करायचा तो स्टुडिओ कुणाचा? कोलोनच्या सार्वजनिक रेडिओचा, आजच्या डब्ल्यूडीआरचा. 1951 मध्ये या रेडिओने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. विकत घ्यायला कुणी येणार नाही अशा संगीतासाठी यंत्रं घेतली, माणसं नेमली. पैसे श्रोत्यांचे, तेव्हाचे महिना दोन मार्क. त्या श्रोत्यांनाही ते संगीत बहुधा असह्य झालं असेल आणि त्यांनीही कपाळाला आठी घातली असेल. चुकायने आपली सुरुवातीची एक रेकॉर्ड रात्री गुपचूप त्याच स्टुडिओत केली. म्हणजे मला अठरा मिनिटं जागेवर खिळवून ठेवणाऱ्या गाण्यामागे त्या दोन मार्कांचाही हात आहे.

हे वाचून तिकडचं सगळं कसं छान आणि आपल्याकडे काहीच नाही, असा सूर कुणी लावू नये. 1955-56 मध्ये पुण्याच्या आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची 56 गाणी महाराष्ट्राला दिली. माडगूळकर आणि बाबूजींना हे कोणत्या खाजगी कंपनीने करू दिलं असतं? तेव्हा आपले आजोबा पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरतच होते. त्याच 1956 च्या मे महिन्यात कोलोनच्या रेडिओच्या सभागृहात स्टॉकहाउझेनची नवी रचना पहिल्यांदा वाजली. दोन्हीकडे रेडिओने लोकांनी न मागितलेलं दिलं. फरक पुढे पडला. आपण लायसन्स बंद केलं, सुटलो म्हणालो, आणि खाजगी एफएमवर तीच दहा गाणी दिवसभर ऐकत बसलो. यांनी वर्गणी चालू ठेवली. रक्कम जास्त आहे, उत्पन्न न बघता दरघर सारखी आहे, हे माझं म्हणणं कायम आहे. पण बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आता हात वर करत नाही.

संगीताचा विषय निघाला की इथे एक प्रश्न मला हमखास विचारतात: सतार ऐकत असशील ना? ऐकते. पण 1972 मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईला आले आणि त्यांनी तिथल्या वादकांबरोबर लेड झेपेलिनची दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, हे त्यांना माहीत नसतं आणि मला माहीत असतं. ते मी शांतपणे सांगते, आणि सांगताना मला बरं वाटतं.

हा प्रश्न न विचारणारा एकच माणूस भेटला, आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा. जिन्यात पिशवीतून डोकावणारी रोरी गॅलाघरची रेकॉर्ड त्यांनी बघितली आणि थांबले. 1977 च्या जुलैमध्ये एसेनच्या ग्रुगाहालेमध्ये डब्ल्यूडीआरच्या 'रॉकपालास्ट' या टीव्ही कार्यक्रमाची पहिली मोठी रात्र झाली, रोरी वाजवत होता आणि युरोपभर ते थेट दिसत होतं. आजोबा तिथे गर्दीत उभे होते. आमच्याकडे डोंबिवलीत रोरीची कॅसेट होती म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की संध्याकाळी ते वर आले आणि नॉय या ड्युसेलडॉर्फच्या बँडच्या दोन रेकॉर्ड ठेवून गेले. सावकाश द्या, म्हणाले. परक्या बाईला स्वतःच्या तरुणपणीच्या रेकॉर्ड. या देशात माणसं थंड असतात असं मी पूर्वी लिहिलं असेल तर ते या आजोबांना लागू नाही.

नॉयच्या दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी मिशाएल रोथर आणि क्लाउस डिंगर यांचे पैसे संपले. मग त्यांनी आपल्याच आधीच्या दोन गाण्यांना कमी-जास्त वेगाने फिरवून दुसरी बाजू भरली. सुई ठेवली की गाणं पळत सुटतं, मग पुढचं दलदलीतून चालल्यासारखं जातं. मला ती बाजू आवडत नाही. पहिल्या रेकॉर्डचं पहिलं, दहा मिनिटांचं गाणं मात्र मी रोज ऐकते.

दादाला फोनवरून ऐकवलं. "अगं, गाणं सुरू कधी होणार?" म्हणाला. "हेच गाणं आहे, दादा. तू ड्रम्स ऐक." त्याने पूर्ण ऐकलं, मग म्हणाला, "लोकलमध्ये बरं वाटेल हे." त्याचं बरोबर आहे. तुमचेही कान आमच्यासारखे पर्पल-झेपेलिनवर वाढलेले असतील तर 'टागो मागो'च्या दुसऱ्या तबकडीपासून सुरुवात करू नका, वैतागाल. आधी नॉयचं ते दहा मिनिटांचं घ्या, मग भेंडीच्या डब्याची रेकॉर्ड, आणि अठरा मिनिटांचं सगळ्यात शेवटी, रात्री, हेडफोन लावून.