ऊन बघून धुणं

बाळोती धुण्यात साबणाला उगाच मोठेपणा मिळालाय. खरं काम ऊन करतं. लेक बाळंतपणाला सांगलीत विश्रामबागेतल्या घरी आली तेव्हापासून गच्चीचं खातं माझ्याकडे आहे, म्हणून हे ठासून सांगतो. खालचं खातं, म्हणजे नात, तिच्या आजीकडे.

आमच्या वेळी धोतराचं किंवा जुन्या सुती लुगड्याचं फडकं फाडायचं, नाड्या लावायच्या, लंगोट तयार. लेकीने आणलेत ते कापडी डायपर. वर हत्ती-जिराफांचं कव्हर, पुढे टिचबटणांच्या रांगा आणि आतल्या खिशात सरकवायचा पॅड. ओल बाहेर येऊ नये म्हणून कव्हरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. या थराची मिजास फार. त्याला इस्त्री चालत नाही, उकळलेलं तर नाहीच. पॅड बिचारे सुती, काहीही सोसतात. त्यांचं वाकडं फक्त कंडिशनरशी.

आणि आमच्या धुणंवाल्या मावशींना तर कंडिशनरचं भारी कौतुक. "वास कसा झ्याक येतोय बघा की ओ!" वास येतो, कापड मऊही लागतं, पण धाग्यावर मेणचट थर बसला की ते पाणी प्यायचं सोडतं. कोरड्या पॅडवर बोटाने एक थेंब सोडून बघावा. पॅड धड असेल तर थेंब टेकतो न टेकतो तोच आत जिरतो. कंडिशनर बसलेल्या पॅडवर तो गोल होऊन ऐटीत बसतो, आणि पॅड जरा कलता केला की घरंगळत काठावरून खाली. मावशींना करून दाखवलं. "आळूच्या पानागत की ओ!" म्हणाल्या, आणि बाटली साड्यांच्या कपाटात गेली.

बोअरच्या पाण्याचीही तीच तऱ्हा. क्षार इतके की फेस येता येत नाही, आणि साबणाचा साका कापडात अडकून बसतो. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. अशा साका धरलेल्या पॅडमध्ये तो वास मुरतो आणि सकाळी रात्रीचा डायपर काढला की आजीचे डोळे चुरचुरतात. म्हणून नळाला कृष्णेचं पाणी आलं की मशीन लावायचं. शी त्याआधीच संडासात झटकून पॅड गार पाण्याखाली धरायचा. आधीच कढत पाणी ओतलं तर डाग पक्का बसतो.

तरी धुऊन निघालेल्या पॅडवर पिवळी झाक राहतेच. इथे खरा गडी मैदानात उतरतो. डागांचं ज्ञान सांगलीकराला कोणी शिकवावं? आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमटी शर्टावर सांडली की मानांकन बघतं कोण! साबण लागताच डाग लालभडक होतो, नवखा माणूस घाबरतो. इथली बाई शर्ट ओलाच उन्हात टाकते. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात टिकत नाही.

तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा रंग बिलिरुबिनचा. काविळीत बाळाच्या अंगावर दिसतो तोच. तोही उजेडाला भितो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना बाहेर उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावर एवढाच तुकडा पिवळा आणि बाकीचं अंग उजळ, असं त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पिवळा राहिलेला भाग चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला होता. आज काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्यामागे हे निरीक्षण आहे. आमच्या गच्चीवर दिवा नाही, दोरी आहे. पॅड ओलाच, डागाची बाजू वर करून घालतो. दुपारी उलटायला जावं तर झाक गेलेली. पहिल्यांदा मी खाली हाक मारून सगळ्यांना वर बोलावलं होतं. कोणी आलं नाही, तो भाग वेगळा.

आभाळ आलं की मात्र या खात्याची पंचाईत. पूर्वी शेगडीवर बुट्टी पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे, खाली ओवा-वावडिंगाची धुरी. तो सुती, धुरकट वास घरभर असायचा. आता शेगडी नाही आणि हत्ती-जिराफांना ती सोसायचीही नाही. ते पंख्याखाली वाळतात, पॅडवर हलकी इस्त्री फिरवतो. वाळतं सगळं, पण झाक राहते. ती पुढच्या उन्हाच्या नावावर.

पुढच्या महिन्यात लेक पुण्याला जाईल. परवा तिला विचारलं, तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं? "यायचं बाबा, आता समोर टॉवर उठतोय." जावयांना फोन करून सध्या कितवा स्लॅब चाललाय ते विचारलं. त्यांना वाटलं, मी फ्लॅट घ्यायचा म्हणतोय. बिल्डरचा नंबरच पाठवून दिला त्यांनी.