मिस्त्री

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून परवा शाळेच्या कार्यालयात बसून जुनं जनरल रजिस्टर चाळत होतो. १९९३ साली आठवीत असलेल्या आमच्या वर्गाची पानं निघाली. प्रत्येक नावापुढे शेवटी दोन रकाने असतात, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शाळा सोडण्याचं कारण. काहींच्या पुढे 'पुणे' लिहिलंय. त्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं जी मुलं पुण्याला शिकायला नेली, त्यांतली ती. आणि नऊ ओळींत दोन्ही रकाने कोरे. लिहिणाऱ्याचा हात धजावला नसणार. त्या नवांतली एक ओळ मिस्त्रीची.

मिस्त्री हे त्याचं नाव नव्हे. वडील गवंडी, म्हणून वर्गानं पाडलेलं नाव, आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या दप्तरात कंपासपेटी नसायची, पण पितळेचा एक छोटा ओळंबा असायचा, दोरी नीट गुंडाळलेला. वडिलांनी जुना झाला म्हणून दिलेला. मधल्या सुट्टीत तो बाकावर उभा राहून भिंतीच्या वरच्या कडेपासून ओळंबा सोडायचा, तो झुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा आणि मग एक डोळा मिटून बघायचा. एकदा म्हणाला, "भिंतीला पोट आलंय बघ." आम्हाला काही दिसेना. त्यानं माझं बोट दोरी आणि भिंतीच्या मधे घातलं. वर एक बोट मावत होतं, खाली कमरेजवळ दोरी दगडाला घासत होती. पोट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आपल्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली नाहीत, त्या आजच्या मुलांसाठी सांगतो. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि त्यावर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढरी माती आणून वर पसरायची. जुनी कुणी काढत नसे, त्यामुळे माळवद दरवर्षी जड होत जायचं. उन्हाळ्यात आम्ही तिथंच झोपायचो. मिस्त्री सांगायचा, "भिंत एक दिसती, पण असती दोन. बाहेरचा थर येगळा, आतला येगळा, मधी नुसती भर. दोघांची वळखच नसती रे." दोन्ही थरांना धरून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड लागतात, पण तसे दगड घडवून घ्यायला लोकांकडं पैसा नसतो, हेही त्यानं वडिलांकडून ऐकलेलं होतं. भूकंपानंतर जी घरं उभी राहिली होती त्यांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून, सळई टाकून काँक्रीट भरायचं काम इंजिनिअर लोकांनी दाखवलं, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. ते साहेब जे समजावत होते ते मला आधीच माहीत होतं.

सातवीत आमची सहल खरोशाच्या लेण्यांना गेली. बाकीची पोरं आत-बाहेर पळत होती. मिस्त्री मात्र एका खांबावर तळहात ठेवून उभा. मी विचारलं, "काय करायलास?" तर म्हणाला, "सांधा हुडकायलोय. कुठंच न्हाई. सगळं एकाच दगडात." परत येताना ट्रकमध्ये तो गप्पच होता. उतरताना एवढंच बोलला, की मी मोठा झाल्यावर असं काहीतरी करणार.

१९९२च्या पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरात किल्लारीकडं धक्के बसले. जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. लोक काही दिवस बाहेर झोपले. मग काही होईना, थंडी वाढली, तसे सगळे घरात गेले. कुणाला दोष द्यायचा? घर सोडून माणूस किती दिवस राहील!

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, अनंत चतुर्दशी. शाळेचं लेझीम पथक गावच्या मिरवणुकीत होतं. पुढच्या जोडीत मिस्त्री आणि मी. तो लेझीम खेळायचा तेही मोजून-मापून, पाऊल रेघेबाहेर पडायचं नाही. रात्री अकराच्या सुमारास त्यानं मला हात उघडून दाखवला. तळव्यावरचा फोड फुटून लाल झाला होता. तरी विसर्जनापर्यंत थांबतो म्हणत होता. मीच म्हणालो, "जा तू, झोप. तुझी खिरापत मी ठेवतो, सकाळी देतो."

तो गेला.

विसर्जन करून आम्ही सहा-सात जण मांडवातच आडवे झालो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते मला पुरतं सांगता येत नाही. चांदणं लख्ख होतं, पण धुळीत शेजारचा माणूस दिसत नव्हता. धूळ खाली बसली तेव्हा जिथं गल्ली होती तिथं गल्ली नव्हती. मिस्त्रीचं घर कोणतं, हे मला दगडांत ओळखता आलं नाही. इतक्या वेळा गेलो होतो त्या घरी.

तो, त्याची धाकटी बहीण आणि वडील, तिघं दुपारी सापडले. त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, एका तुळईच्या आडोशानं वाचल्या, त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. गावात सरण कुठून आणणार? घरांच्याच तुळया ओढून काढल्या. पुढं पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी केव्हातरी खिशात हात गेला, तर खिरापतीचा कागद भिजून साखर पाघळली होती.

पुढचं तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पत्र्याच्या शेडमधली शाळा, मग नव्या जागेवरचं गाव. आमच्यासारखी ५२ गावं उठून दुसरीकडं वसली. ज्या भिंतीला पोट आलं होतं ती आमच्या वर्गावरच पडली होती. रात्र होती म्हणून वर्ग रिकामा होता.

त्याला घरी मी पाठवलं, ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आईलाही नाही, बायकोलाही नाही. मावशींकडं दर गणपतीत जातो. जमीन नसलेल्यांना मिळालेलं अडीचशे चौरस फुटांचं घर, दारात तुळस. दरवेळी त्या विचारतात, "तुला आता कितवं लागलं रे?" मी वय सांगतो, त्या मान हलवतात. त्यांना कुणाचं वय मोजायचं असतं ते मला कळतं.

रजिस्टर पाहिलं त्याच संध्याकाळी मी गेलो आणि सगळं सांगितलं. फोड, खिरापत, "जा तू, झोप" हे माझे शब्द. मावशी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बरं केलास बाबा. लई दमलं होतं लेकरू. आल्या आल्या तांब्याभर पाणी पिला, हाताला खोबरेल लावून घेतला, अन् माझ्यापशी झोपला. सकाळी खिरापत येणार हाय म्हनला."