तुम्ही विचारलंत म्हणून: कुणी कधी बोललंच नाही असे शब्द

मला लुवियनचा, म्हणजे प्राचीन तुर्कस्तानातल्या एका मृत भाषेचा, नाद आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, जी भाषा बोलणारं माणूस अडीच हजार वर्षांत कुणी पाहिलं नाही तिच्या डिक्शनरीत 'भुताचे शब्द' शिरतात म्हणजे काय होतं, आणि शब्द खोटा आहे हे ठरवतं कोण?

आधी आमच्या आजीची वही बघा. रव्याच्या लाडवांच्या पानावर तिने चक्क लिहिलंय, 'दोन वाट्या खा'. तिचा र आणि व चिकटून यायचा, एवढंच. आम्ही हसतो आणि रवा मोजायला घेतो, कारण आपल्याला मराठी येतं आणि लाडू कसे करतात तेही माहितीये. आता समजा मराठी कुणालाच येत नाही, वहीचं हेच एक अर्धं पान उरलंय, आणि कुणीतरी विद्वान त्यावरून कोशात नोंद करतोय, 'खा: एक प्रकारचं धान्य, उल्लेख एकदाच'. झाला भुताचा शब्द तयार! ध चा मा व्हायला दर वेळी आनंदीबाईच लागते असं नाही.

लुवियनचं दुखणं हेच. हत्तुशा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोआझकले, तिथे मातीच्या पाट्यांचे सुमारे ३०,००० तुकडे निघाले, पण ते बहुतेक हित्ती भाषेतले, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांच्या भाषेतले. लुवियन येते ती मधेमधे, आपल्या पूजेच्या पोथीत कशा सूचना मराठीत आणि मंत्र संस्कृतात असतात ना, तशी. विधी हित्तीत चाललाय, मग 'आता लुवियनमध्ये म्हणायचं' असं येतं आणि मंत्र सुरू. त्यात पाटी फुटलेली, चिन्ह कडेला अर्धंच उरलेलं, आणि कीलाक्षर लिपीत, म्हणजे ओल्या मातीत खिळ्यासारख्या खुणा दाबून लिहायच्या लिपीत, एकेका चिन्हाला दोन-तीन उच्चार. एक आडवी खूण आणि तिला छेदणारी उभी, अगदी बेरजेच्या चिन्हासारखं, हे 'पर' पण आहे आणि 'मश' पण. दुसरं एक 'कल', 'तन' आणि 'रिप' असं तिन्ही. वाचणारा त्यातला एक निवडतो, आणि छापलेल्या रोमन लिप्यंतरात ती निवड इतकी नीटनेटकी दिसते की पुढच्याला वाटतं पाटीवर असंच लिहिलंय. मग तो त्याची व्युत्पत्ती लावतो, ग्रीकमधला चुलतभाऊ शोधून देतो, आणि एकदा का नातेवाईक मिळाले की त्या शब्दाला कोशातून हाकलणं महाकठीण.

मग ठरवतं कोण? बहुतेक वेळा दुसरी प्रत. कुवत्तल्ला नावाच्या बाईच्या विधीच्या बऱ्याच प्रती सापडल्यात, एकीत फुटलेलं दुसरीत शाबूत मिळू शकतं. किंवा कुणी लेखनिक तोच शब्द 'प-अर' असा दोन चिन्हांत फोडून लिहितो, मग प्रश्नच मिटतो. आणि कधी तुटलेला तुकडा जुळतो आणि अर्ध्या चिन्हाचं उरलेलं अर्धं समोर येतं, ते बघताना जी मजा येते ती सांगून कळणार नाही.

सगळ्यात मोठं भूत मात्र कीलाक्षरात नव्हतंच, ते लुवियनच्या दुसऱ्या लिपीत होतं, दगडावरच्या चित्रलिपीत. तिथली दोन चिन्हं कित्येक वर्षं 'इ' आणि 'ई' अशी वाचली जायची. १९७३ च्या सुमारास डेव्हिड हॉकिन्स, ऍना मॉर्पुर्गो डेव्हिस आणि गुंटर नॉयमान यांनी दाखवलं की ती 'त्सि' आणि 'त्स' आहेत. पुरावा कुठला, तर एर्झिंजानजवळच्या अल्तिनतेपेच्या रांजणांवरचा! उरार्तू या तिथल्या जुन्या राज्यातल्या लोकांच्या त्या रांजणांवर मापं याच चित्रलिपीत लिहिली होती, आणि 'तुरुत्स' असं वाचलं तर ते उरार्तूंच्या 'तेरुसि' या मापाशी जुळत होतं. परिणाम बघा, 'हा' या अर्थाचं रोजचं सर्वनाम, जे 'इ'ने सुरू होतं असं सगळे धरून चालले होते, ते एका फटक्यात 'त्स' झालं, आणि अनेकवचनाचा प्रत्यय कीलाक्षरातल्या '-न्त्सि'शी जुळला. तोवर दोन लिपींतल्या भाषा जितक्या लांबच्या वाटायच्या तितक्या त्या नव्हत्याच. म्हणजे इथे सुटा शब्दच नाही, व्याकरणाचा तुकडाच्या तुकडा भुताचा होता.

आणि मी काही वेगळा नाही. शिकायला लागलो तेव्हा माइन्झच्या हित्ती पोर्टलवर पाटीचा फोटो उघडला, बेरजेसारखं चिन्ह दिसलं, तक्त्यात बघितलं आणि कार्डावर ऐटीत लिहिलं 'मश्नन्त्स'. खरं तर ते 'पर्नन्त्स', म्हणजे घर, हित्तीतही घराला 'पर्न-'च, अगदी पहिल्या धड्यातला शब्द. चूक कळायला मला चार महिने लागले, तोवर कार्डावर अर्थाच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'बहुधा एखादं भांडं'.