कन्नडचा पत्ता

एका कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद शोधण्यात मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकदा अर्धी दुपार घालवली होती. पुस्तक मराठीत, तेव्हा ते मराठीच्याच कपाटात असणार, असे गृहीत धरून मी कादंबऱ्यांच्या फळ्या वरून खाली आणि पुन्हा खालून वर धुंडाळल्या आणि ते कोणीतरी ढापले असावे, अशी तक्रार घेऊन देवघेवीच्या टेबलाशी गेलो. ग्रंथपाल बाईंनी मान वर न करता पार शेवटच्या रॅककडे बोट दाखवले.

मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले, त्यांत साहित्याला ८०० हा आकडा आला. इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४० अशी ऐसपैस घरे मिळाली. आपण मात्र ८९० या 'इतरां'च्या चाळीत राहतो. हिंदी ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६ आणि भिंतीला भिंत लागून गुजराती ८९१.४७. मराठीच्या आकड्यापुढे १ लागला की कविता, २ लागला की नाटक, ३ लागला की कथा-कादंबरी. (प्रस्तुत लेखाचे कधी पुस्तक झालेच, तर त्याचा मुक्काम ८९१.४६४ मध्ये, निबंधांच्या शेजारी.)

ही मांडणी नकाशावर नव्हे, तर भाषाकुळांवर बेतलेली आहे. कन्नड द्राविड कुळातली, म्हणून तिचा पत्ता ८९४.८१४. सोलापूरकडे एकाच घरात, एकाच वाक्यात नांदणाऱ्या या दोन भाषांच्या मधे कपाटात फारसी, रशियन, पोलिश, अरबी, तुर्की आणि हंगेरियन एवढी मंडळी दाटीवाटीने उभी असतात. शिवाय अनुवाद मूळ भाषेच्याच घरी ठेवायचा, असा या पद्धतीचा दंडक आहे. तो शास्त्राला धरून असेल; पण मराठी कादंबरी शोधणाऱ्या वाचकाने हंगेरी ओलांडून जावे, ही अपेक्षा मला आजही जरा जास्तच वाटते.

पुस्तक तिथेच होते. पाठीवरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत ८९४.८१४३, खाली लेखकाच्या नावाची आद्याक्षरे, वर पिवळी पडलेली चिकटपट्टी. आतल्या तारखांच्या कागदावर अवघे दोन शिक्के. बाईंनी तिसरा मारला आणि म्हणाल्या, "परत आणशील तेव्हा टेबलावरच दे. स्वतः लावायला जाऊ नकोस, तू ते मराठीतच ठेवशील."